कोंबडा, नऊ वेळा

शनिवारी हरांबेच्या मांडवात
पेरेझ आलुओचचा तांबडा कोंबडा
नऊ वेळा विकला गेला.
घेणारा पैसे मोजायचा आणि
कोंबडा तिथल्या तिथे परत द्यायचा,
"विका पुन्हा!"
हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं,
होडी असो, शाळेचं छप्पर असो,
नाहीतर नैरोबीपर्यंत एक बाई.

वही माझ्याकडे.
तीस वर्षं होमा बेच्या पोरांना भागाकार शिकवला,
बाकी उरली तर घाबरू नका म्हणाले.
आता माझ्या डाव्या अंगाला
बाकी शून्य.
ते मी वहीत लिहीत नाही.

पहिला कोंबडा पाद्रीबाबांचा, पाचशे शिलिंग.
दुसरा मासळीवाल्यांचा, सातशे, सगळे सुटे,
नोटांना खवले चिकटलेले.
मोटारसायकलवाल्या पोरांनी दोनशे दिले
आणि दवाखान्याच्या चार फेऱ्या फुकट.
फेऱ्या कुठल्या रकान्यात लिहायच्या?
मग ओमोलो उठला.
आजवांगचे टाके ओले असताना
ज्याने तिची पेटी अंगणात ठेवली, तोच.
हजाराची नोट उंच धरून.
मांडव गप्प. कोंबडासुद्धा.
आजवांग पुढे गेली, नोट घेतली,
उजेडात धरून खरी आहे का ते पाहिलं.
"लिही," मला म्हणाली.
"रक्कम लिही. नाव नको."

आमच्या बायका पैसे लेसोच्या टोकाला बांधतात.
त्या दुपारी किती गाठी सुटल्या, मोजल्या नाहीत.
गाठीला काही असावं म्हणून जन्मभर झिजायचं,
आणि एक दिवस आंघोळ करताना
बोटांना गाठच लागावी.

मंगळवारी आम्ही स्तन शिवतो.
जुनं सुती कापड, आत नाचणी,
भाजीच्या तराजूत तोलून,
कारण वजन कमी पडलं तर खांदा एकीकडे झुकतो
आणि बाजारात लोक वळून बघतात.
गेल्या साली रोझबेला होडीतून उतरताना
छातीभर पाण्यात गेली,
आणि दोन दिवस तसंच ओलं घालून हिंडली.
तिसऱ्या दिवशी दारात उभी, पांढरीफटक,
"परत काहीतरी वाढतंय."
थरथरत्या हातांनी आम्ही टाके उसवले.
आत मोड आले होते.
बोटभर नाही, पण चांगले हिरवट, जिवंत मोड.
किती हसलो! पेरेझला तर धरून बसवावं लागलं.
ती नाचणी धुतली, वाळवली, दळली.
रोझबेलाच्या नातवाने
पेजेची वाटी चाटून पुसून ठेवली.

जिल्हा कचेरीत मात्र सोमवारी कोणी हसत नाही.
तपासणीचं यंत्र चौदा महिने कुलपात,
अंगावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.
चालवणारा माणूस नेमायचा आहे, म्हणतात,
सही व्हायची आहे, साहेब बाहेर आहेत.
कारकून तो शब्द उच्चारत नाही.
"ते... बायकांचं दुखणं" म्हणतो, पंख्याकडे बघत.
पंख्याने आमचा अर्ज उडायला लागला
तेव्हा पेरेझने ब्लाउजमध्ये हात घातला,
आपला नाचणीचा स्तन काढला
आणि कागदावर ठेवला.
"राहू दे," म्हणाली. "सही होईपर्यंत."
तो अजून तिथेच आहे.
शनिवारी ती एका खांद्याने उंच अशीच आली,
काखेत कोंबडा घेऊन.

एकूण जमा सहा हजार तीनशे चाळीस.
भाडं दोघींचं. पाच आठवडे खोली.
औषधाला पुरणार नाहीत, मला आधीच माहीत होतं,
तरी तीनदा बेरीज केली.
पेरेझ म्हणाली, आधी आजवांग जाऊ दे,
माझं काय, मी अजून भांडू शकते.
बस पहाटे पाचला होती.
आजवांगने खिडकीतून हात काढला, हलवला नाही,
नुसता बाहेर ठेवला वाऱ्यात.

रात्री वही मिटण्यापूर्वी लिहिलं:
शिल्लक, कोंबडा एक.
मालक नऊ.
पुढच्या महिन्यात पुन्हा विकणे.